हवेचा आकडा आणि नागरिकाचा हक्क : स्टुटगार्टच्या डिझेलबंदीचा धडा

मुंबई आणि जर्मनीतील स्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी-शहरे आहेत. हे नाते फारसे कोणाला ठाऊक नसले, तरी स्टुटगार्टशी आपला दुसरा संबंध अधिक जवळचा आहे. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतील बॉश आणि पुण्याजवळच्या चाकण येथील मर्सिडीज-बेंझ या दोन्ही उद्योगांचे मूळ घर स्टुटगार्ट हेच होय. आपल्या शाळेचे कितीतरी माजी विद्यार्थी सातपूर-चाकणच्या पट्ट्यात आज संसार चालवीत आहेत. कोणी यंत्रावर उभे राहून, तर कोणी कर्ज काढून घेतलेल्या टेम्पोचे चाक हाती धरून. म्हणूनच शाळेच्या या स्मरणिकेत एका परक्या शहराची कथा सांगणे आम्हांस अप्रस्तुत वाटत नाही.

मोटारीवरच ज्याची भाकरी अवलंबून आहे, त्या स्टुटगार्टमध्ये १ जानेवारी २०१९ पासून जुन्या डिझेल मोटारींना प्रवेश नाकारण्यात आला. हे कसे घडले? शासनाला सुबुद्धी झाली आणि बंदी आली, असा हा इतिहास नाही. तेथील शासन ही बंदी टाळण्यासाठी वर्षानुवर्षे झटत होते. कायद्यात लिहिलेला एक आकडा आणि तो आकडा पाळला जावा म्हणून न्यायालयाचे दार ठोठावण्याचा सामान्य रहिवाशाला मिळालेला हक्क, या दोन गोष्टींनी ती बंदी घडवून आणली. त्या बंदीत काय साधले आणि कोणावर अन्याय झाला, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

डिझेलचे माहेर

रुडॉल्फ डिझेल यांच्या इंजिनाने १८९७ मध्ये जर्मनीतील ऑग्सबुर्ग येथे आपली क्षमता सिद्ध केली. परंतु ते इंजिन अवजड होते. कारखान्यांत आणि जहाजांवर शोभणारे. त्याला रस्त्यावर आणले ते स्टुटगार्टने. इंधन अचूक मापाने आणि प्रचंड दाबाने इंजिनात सोडणारा पंप बॉशने १९२७ मध्ये मोठ्या संख्येने बनविण्यास प्रारंभ केला. १९३६ मध्ये आलेली मर्सिडीज-बेंझची २६० डी ही कारखान्यातून नियमितपणे तयार होणाऱ्या जगातील पहिल्या काही डिझेल मोटारींपैकी एक होती. सातपूरच्या कारखान्यात जे नोझल आणि इंजेक्टर तयार होत आले, त्यांची वंशावळ त्या १९२७ च्या पंपापर्यंत जाते.

पुढे १९९७ च्या क्योटो करारानंतर युरोपातील देशांना कार्बन डायऑक्साइड कमी करण्याची निकड भासू लागली. डिझेलची मोटार तेवढ्याच अंतराला पेट्रोलपेक्षा कमी इंधन जाळते, म्हणून ती पर्यावरणस्नेही ठरविण्यात आली. जर्मनीत डिझेलवरील कर पेट्रोलपेक्षा कमी ठेवला गेला. परिणामी २०१५ च्या सुमारास तेथे विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकी जवळजवळ निम्म्या डिझेलवर धावणाऱ्या होत्या. ज्यांनी त्या घेतल्या त्यांनी शासनाच्या धोरणावर विश्वास ठेवूनच घेतल्या, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावी लागेल.

त्या धुरात असते काय?

डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि आत सोडलेले इंधन आपोआप पेट घेते. त्या उष्णतेत आणि ऑक्सिजनच्या विपुलतेत हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. पेट्रोलच्या मोटारीत धुराच्या नळीतील उत्प्रेरक या वायूंचे पुष्कळसे निवारण करतो. परंतु डिझेलच्या धुरात ऑक्सिजन शिल्लक राहत असल्यामुळे तोच उपाय तेथे चालत नाही. त्यासाठी युरियाच्या द्रावणाची वेगळी यंत्रणा बसवावी लागते, काजळीसाठी वेगळी गाळणी लावावी लागते, आणि या दोन्हींना पैसा लागतो.

नायट्रोजन डायऑक्साइड हा वायू श्वासनलिकेचा दाह करतो, दम्याचा विकार बळावतो आणि लहान मुलांच्या फुफ्फुसांना विशेष अपाय होतो. उन्हात त्यापासून ओझोन आणि सूक्ष्म कणही निर्माण होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर हा मानवात कर्करोग उत्पन्न करणारा पदार्थ म्हणून निश्चितपणे वर्गीकृत केला.

हा वायू शहरभर सारखा पसरत नाही. वाहत्या रस्त्याच्या काठावर तो सर्वाधिक असतो आणि काही अंतरावर झपाट्याने कमी होतो. रहदारीच्या रस्त्यालगतचे घर स्वस्त मिळते. म्हणजे ज्याची ऐपत कमी, त्याच्याच खिडकीशी धूर अधिक. गाडीत बसून जाणारा मनुष्य त्या रस्त्यावर काही मिनिटे असतो. तेथे राहणारा, तेथे भाजी विकणारा, तेथे बसची वाट पाहणारा मात्र आयुष्याची वर्षे काढतो. शहराच्या हवेचा प्रश्न हा मुळात न्यायाचा प्रश्न आहे, असे आम्ही म्हणतो ते यामुळे.

कागदावरची स्वच्छता

युरोपीय संघाने मोटारींच्या धुरासाठी युरो-१ पासून युरो-६ पर्यंत क्रमाने कठोर होत जाणारी मानके ठरविली. आपल्याकडील ‘भारत स्टेज’ मानके त्याच धर्तीवरची आहेत. डिझेल मोटारीने एका किलोमीटरमागे सोडावयाच्या नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा युरो-४ साठी २५०, युरो-५ साठी १८० आणि युरो-६ साठी ८० मिलिग्रॅम होती. या हिशेबाने दर नव्या मोटारीबरोबर शहराची हवा निवळत जावयास हवी होती. तसे झाले नाही.

कारण मोटारीची परीक्षा प्रयोगशाळेत होत असे आणि मोटार धावत असे रस्त्यावर. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने फोक्सवॅगन कंपनीची लबाडी उघड केली. आपली परीक्षा चालू आहे हे मोटारीतील संगणकाला ओळखता येत होते. तेवढ्यापुरती तो धुराची यंत्रणा पूर्ण चालवी आणि रस्त्यावर आल्यावर ती मंदावत असे. जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख मोटारींत असे सॉफ्टवेअर असल्याचे कंपनीने मान्य केले. इतर अनेक कंपन्यांच्या मोटारीही रस्त्यावर मर्यादेच्या कितीतरी पट अधिक धूर सोडतात, हे त्यानंतरच्या तपासण्यांत दिसून आले. जर्मनीच्या संघीय पर्यावरण संस्थेने एप्रिल २०१७ मध्ये प्रत्यक्ष रस्त्यावरील सरासरी प्रसिद्ध केली : युरो-४ मोटार किलोमीटरमागे ६७४ मिलिग्रॅम, युरो-५ मोटार ९०६ आणि युरो-६ मोटार ५०७. म्हणजे युरो-५ ची नवी मोटार जुन्या युरो-४ हून अधिक घाण करीत होती. वाहनाचे वय म्हणजे त्याच्या धुराचे माप नव्हे, हा या आकड्यांचा अर्थ आहे.

एका रहिवाशाची फिर्याद

स्टुटगार्ट हे बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याच्या राजधानीचे शहर चहूबाजूंनी टेकड्यांनी वेढलेले आहे. कढईच्या तळाशी वाफ कोंडावी तशी तेथे हवा कोंडते. शहरातील नेकारटोर या चौकाजवळून दररोज सुमारे ७० हजार वाहने जात. तेथील मापन केंद्रावर २०१६ मध्ये नायट्रोजन डायऑक्साइडची वार्षिक सरासरी एका घनमीटर हवेत ८२ मायक्रोग्रॅम भरली. युरोपीय कायद्याची मर्यादा होती ४०, आणि ती २०१० पासून बंधनकारक होती.

मर्यादा ओलांडली म्हणून शासनाला जाब विचारण्याचा अधिकार कोणाला? या प्रश्नाचे उत्तर म्युनिक शहरातून आले. तेथील लांड्सहुटर आले या गजबजलेल्या रस्त्यावर राहणारे डीटर यानेचेक यांनी हवेतील धूलिकणांच्या प्रश्नावर बव्हेरिया राज्याला न्यायालयात खेचले. प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेले. २५ जुलै २००८ रोजी त्या न्यायालयाने निर्णय दिला की, मर्यादा ओलांडली जाण्याचा धोका असेल तर त्याची थेट झळ पोहोचणारी व्यक्ती शासनाकडे कृती आराखड्याची मागणी न्यायालयामार्फत करू शकते. या निकालाने हवेचा आकडा नागरिकाच्या हाती दिला. तोवर तो प्रशासनाच्या दप्तरातील एक उद्दिष्ट होता. यापुढे तो हक्क झाला.

टाळाटाळीची वर्षे

याच वाटेने ‘डॉइचे उमवेल्टहिल्फे’ या पर्यावरण संस्थेने अनेक जर्मन शहरांच्या बाबतीत फिर्यादी केल्या. दरम्यान स्टुटगार्टमध्ये नाना उपाय करून पाहण्यात आले. २०१६ पासून हवा कोंडलेल्या दिवशी ‘धूलिकण इशारा’ देऊन लोकांना मोटार घरी ठेवण्याची विनंती केली जाई. २०१७ मध्ये रस्त्याकडेला सुमारे १०० मीटर लांबीची शेवाळाची भिंत उभारण्यात आली. शेवाळाने धूळ शोषावी अशी कल्पना होती. रस्त्याकडेच्या उन्हावाऱ्यात ते शेवाळच सुकले. पुढे हवा गाळणारे यांत्रिक खांबही उभे राहिले. मोटारींची संख्या कमी करण्याचा विषय मात्र शक्य तितका पुढे ढकलला जात होता.

जुलै २०१७ मध्ये स्टुटगार्टच्या प्रशासकीय न्यायालयाने स्पष्ट केले की, मोटारमालकांच्या मालमत्तेच्या हक्काहून रहिवाशांचे आरोग्य श्रेष्ठ आहे आणि प्रवेशबंदी हाच परिणामकारक उपाय आहे. राज्य शासन अपिलात गेले. २७ फेब्रुवारी २०१८ रोजी लाइपझिग येथील संघीय प्रशासकीय न्यायालयाने बंदीचा मार्ग मोकळा केला. दुसरा उपाय उरला नसेल तर बंदी घालता येते. परंतु ती टप्प्याटप्प्याने घालावी, कारागिरांसारख्या काही घटकांना सवलत द्यावी आणि युरो-५ मोटारींना १ सप्टेंबर २०१९ पूर्वी हात लावू नये, असे त्या निकालाचे सार होते.

एवढे होऊनही राज्य शासन पूर्ण अंमलबजावणीस तयार नव्हते. न्यायालयाने १० हजार युरोचा दंड केला, पुन्हा केला; पण राज्याने भरलेला दंड राज्याच्याच तिजोरीत जात असे. अखेर २०२० च्या प्रारंभी न्यायालयाने दंडाची रक्कम २५ हजार युरो केली आणि ती बालकर्करोगासाठी काम करणाऱ्या एका प्रतिष्ठानाला देण्याचा आदेश दिला. हक्क मिळणे एक आणि तो अमलात आणवून घेणे दुसरे, हे यातून कळते.

भार कोणी वाहिला?

येथवरची कथा वाचून बंदी म्हणजे निर्भेळ न्याय, असा समज होईल. तो पुरा खरा नाही. २०१९ च्या जानेवारीपासून नेकारटोर येथे दर शनिवारी पिवळी जाकिटे घातलेले लोक निदर्शने करू लागले. त्यांत मोटार उद्योगातील कामगार होते, उपनगरांतून कामावर येणारे होते, आणि ज्यांना नवी मोटार परवडत नव्हती असे पुष्कळ होते. त्यांचा सवाल साधा होता : फसवणूक कंपन्यांची, कर-सवलत शासनाची, आणि शिक्षा मात्र आम्हांला?

हा सवाल झटकून टाकण्यासारखा नव्हता. अमेरिकेत फोक्सवॅगनला सदोष मोटारी परत विकत घ्याव्या लागल्या. जर्मनीत ऑगस्ट २०१७ च्या बैठकीत उद्योग आणि शासन यांच्यात ठरले ते मुख्यतः सॉफ्टवेअर बदलण्याचे. युरियाची यंत्रणा कंपनीच्या खर्चाने जुन्या मोटारीत बसवून देण्याची सक्ती झाली नाही. जुनी मोटार देऊन नवी घेणाऱ्यास कंपन्यांनी सूट देऊ केली. पण सूट मिळूनही नवी मोटार घेण्याइतका पैसा ज्याच्याकडे होता, त्यालाच तिचा लाभ होता. शिवाय स्टुटगार्टमधील बंदी प्रथम युरो-४ वर आली, आणि रस्त्यावर त्याहून अधिक धूर सोडणाऱ्या युरो-५ ला वर्षभराची मुदत मिळाली. २०२० मध्ये त्या मोटारींवरही निर्बंध आले, ते शहराच्या काही भागांपुरते. प्रथम झळ लागली ती सर्वांत जुन्या आणि म्हणून सर्वांत स्वस्त मोटारी वापरणाऱ्यांना.

हॅम्बुर्गने आणखी एक अडचण दाखवून दिली. तेथे ३१ मे २०१८ पासून केवळ दोन रस्त्यांच्या काही भागांवर बंदी आली. गाड्या शेजारच्या वस्त्यांतून वळसा घालून जाऊ लागल्या. मापन केंद्राजवळचा आकडा सुधारावा आणि धूर शेजाऱ्याच्या दारात जावा, याला शुद्धीकरण म्हणता येणार नाही. स्टुटगार्टने बंदी संपूर्ण शहराला लागू केली, ती या दृष्टीने अधिक न्याय्य होती.

आकडे काय सांगतात?

नेकारटोर येथील वार्षिक सरासरी २०१७ मध्ये ७३, २०१८ मध्ये ७१, २०१९ मध्ये ५३ आणि २०२० मध्ये ३८ झाली. मर्यादेच्या आत येण्याची ती पहिलीच वेळ. हे सारे श्रेय बंदीला देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. याच काळात रस्त्यावरील वेगमर्यादा घटविली गेली, बससाठी स्वतंत्र मार्गिका आली, सार्वजनिक वाहतुकीचे भाडे सोपे आणि स्वस्त करण्यात आले, नव्या मोटारींची प्रत्यक्ष रस्त्यावर परीक्षा होऊ लागली, आणि २०२० मध्ये महामारीमुळे रहदारीच रोडावली. परंतु यांतील महामारी वगळता बहुतेक उपाय न्यायालयाच्या बडग्याखाली आले, हेही तितकेच खरे. लोकांनी नवी मोटार घेताना डिझेलकडे पाठ फिरविली, त्यामागेही बंदीची धास्ती होती.

विरोधकांनी आकड्यावरही हल्ला केला. २०१९ च्या जानेवारीत शंभरहून थोड्या अधिक डॉक्टरांनी या मर्यादांना वैद्यकीय आधार नाही असे निवेदन काढले आणि त्याचा मोठा गाजावाजा झाला. पुढच्याच महिन्यात एका वृत्तपत्राने त्यामागील गणितातील चुका दाखवून दिल्या आणि निवेदनाच्या प्रवर्तकांना त्या मान्य कराव्या लागल्या. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या वायूसाठी वार्षिक १० मायक्रोग्रॅमची शिफारस केली आणि युरोपीय संघाने २०३० पासून २० ही मर्यादा ठरविली.

आपल्यापुढील प्रश्न

हा इतिहास आपल्याला का जाणून घ्यावा लागतो? कारण २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार आपल्या देशातही नायट्रोजन डायऑक्साइडची वार्षिक मर्यादा ४० हीच आहे. आणि हक्क म्हणाल तर तोही आपल्याकडे आहे. संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या अनुच्छेदाला संविधानाचे हृदय आणि आत्मा मानले, तो अनुच्छेद ३२ नागरिकाला थेट सर्वोच्च न्यायालयाकडे नेतो. प्रदूषणमुक्त हवा आणि पाणी हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये म्हटले. ॲड. एम. सी. मेहता यांच्या १९८५ च्या याचिकेतूनच १९९८ मध्ये दिल्लीच्या बसगाड्या सीएनजीवर आणण्याचा आदेश निघाला.

आता हा विषय आपल्या दारात आला आहे. मुंबईच्या हवेबाबत स्वतःहून दाखल करून घेतलेल्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये विचारणा केली की, डिझेल-पेट्रोलची वाहने टप्प्याटप्प्याने हटवून केवळ सीएनजीवरील आणि विजेवरील वाहनांना मुभा देणे शक्य आहे काय? त्याच महिन्यात राज्य शासनाने यासाठी सात सदस्यांची समिती नेमली. आपल्या शहरांत बांधकामाची धूळ, कचऱ्याची आग, मालमोटारी आणि जनित्रे यांचाही वाटा मोठा आहे. केवळ मोटारी हटविल्याने आकाश निवळणार नाही. तरीही असा निर्बंध आज ना उद्या येईल, हे धरून चालावे.

तो येईल तेव्हा त्याला आंधळा विरोध करू नये आणि आंधळा पाठिंबाही देऊ नये. स्टुटगार्टच्या अनुभवावरून तीन प्रश्न विचारावेत. पहिला : वाहनाला दोषी ठरविताना त्याच्या नोंदणीचे वर्ष पाहिले जाते की रस्त्यावरचा धूर? दिल्लीत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये दहा वर्षांवरील डिझेल वाहनांना मनाई केली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. तेथे कसोटी वयाची होती. दुसरा : बंदीआधी बस आणि लोकल वाढली का, की बंदी आधी आणि बस मागाहून? तिसरा : ज्याचे पोट त्या वाहनावर आहे, त्याला नवे वाहन घेण्यासाठी मदत आणि मुदत मिळते का, आणि तिचा खर्च वाहन बनविणारा व धोरण ठरविणारा उचलतो का? टेम्पोचा हप्ता अर्ध्यावर असताना ज्याचा टेम्पो थांबेल, त्याच्या घरची चूल शहराच्या स्वच्छ हवेचे मोल म्हणून विझता कामा नये. आणि रस्त्याकाठच्या झोपडीतील मुलाचा दमा हे त्या टेम्पोच्या हप्त्याचे मोल म्हणून चालू राहू नये. या दोघांना एकमेकांविरुद्ध उभे करून मोठे जबाबदार घटक बाजूला सरकतात, ही गोष्ट नेकारटोरच्या चौकाने दाखविली.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आमची एक सूचना आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे ‘समीर’ हे ॲप मोबाइलवर मोफत मिळते. आपल्या वस्तीजवळचे मापन केंद्र कोणते आणि त्यावरचा आकडा काय, हे त्यातून पाहता येते. तो आकडा मुलांना वहीत नोंदवू द्यावा. जवळ केंद्रच नसेल, तर ते का नाही, हे नगरसेवकाला लेखी विचारावे. वर्षभराच्या नोंदींची सरासरी काढणे हे सातवीच्या विद्यार्थ्यालाही जमणारे गणित आहे. आणि हवा मर्यादेबाहेर गेली तर कोणाला जाब विचारायचा, हे त्याला शिकविणे हे आम्हां शिक्षकांचे काम आहे.